पावसात धूळ कुठली?

मला फ्लू झाला आहे हे मला कळले, तोवर तो आमच्या वाड्यावरच्या निम्म्या घरांत पोचला होता. पोचवणारा बहुधा मीच. तोही चतुर्थीत, धूतवस्त्र नेसून, काशाचे कांसाळे वाजवत, देवासमोर उभा राहून.

आजारपणावर लिहिणारे बहुतेक लोक आजाराशी झुंज देतात आणि शेवटी त्यावर मात करतात. मी यातले काहीच केले नाही. मी खाटेवर पडून होतो आणि कामे इतर लोक करत होते. तरी लिहायला बसलो आहे, कारण माझ्या हातून झालेली चूक आमच्या भागातला माणूसच करू शकतो, आणि आमच्या भागात ती अजून रोज होते.

आमची खोकली

आमचे गाव मुळगाव, डिचोली तालुक्यातले. गावाच्या डोक्यावर लोखंडाच्या मातीची खाण. मधली काही वर्षे ती बंद होती, मग पुन्हा सुरू झाली. ट्रक चालू असले की पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर तांबडा थर बसतो. त्यामुळे आमच्या गावात खोकल्याला एकच कारण आहे: धूळ. मूल खोकले, धूळ. म्हातारा खोकला, धूळ. परगावचा पोस्टमन दारात येऊन खोकला तरी आम्ही हळहळतो की बिचाऱ्याला आमची धूळ लागली.

मी हायस्कुलात एकतीस वर्षे इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर धुळीविरुद्ध पत्रे लिहू लागलो. पंचायतीला, खात्याला, वर्तमानपत्राला. वर्तमानपत्राने काही छापली, राशिभविष्याच्या शेजारी. लोक मला ‘धुळीचो मास्तर’ म्हणू लागले. मी वरवर नापसंती दाखवायचो. आतून आवडायचे.

माझा थोरला भाऊ, दादा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. त्याचे घर आमच्या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. सव्वीस वर्षे त्याने खाणीचा ट्रक चालवला. थोडक्यात सांगायचे तर मी धुळीवर लिहीत होतो आणि तो ती खात होता. चढ चढताना त्याला धाप लागायची, पण चतुर्थीत घुमट मांडीवर घेतले की त्याचा श्वास कुठून तरी परत यायचा. घुमट म्हणजे तोंडाला कातडे ताणलेले मातीचे भांडे. दादा ते वाजवत असताना आरतीतला एकही माणूस ताल सोडत नसे. सोडलाच तर दादा नुसता बघायचा.

जागृती

फ्लू मला कुठे लागला हे सिद्ध करता येणार नाही. माझा संशय मात्र फ्लूविषयी जागृती करणाऱ्या कार्यक्रमावर आहे.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी पंचायतीच्या सभागृहात साथीच्या आजारांवर शिबिर होते. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. पाऊस आत येत होता म्हणून खिडक्या लावल्या. समई विझत होती म्हणून पंखे बंद केले. मग त्या बंद खोलीत पाहुण्यांनी आरोग्याचे महत्त्व सांगितले. त्यांच्यानंतर सातजणांनी तेच सांगितले, एकाच माइकमधून. धुळीविरुद्धच्या कार्याबद्दल मला शाल मिळाली. माझ्या आधी बोललेल्या गृहस्थांनी नाक पुसलेल्या हातानेच माइक माझ्याकडे दिला आणि मी तो ओठांजवळ धरून आभार मानले.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला शेवटची पाच मिनिटे मिळाली, तीही खाण्याच्या पुड्या वाटताना. ती म्हणाली की ताप आणि खोकला असेल तर पाच दिवस घरात राहा, कोणाच्या घरी जाऊ नका. ज्यांची छाती आधीच अधू आहे त्यांनी दोन दिवसांत डॉक्टर गाठा, नंतर औषधाचा उपयोग कमी होतो. मी ते नीट ऐकले. किती नेटके बोलली, असे मनात म्हणालो आणि पुडी सोडली.

घरोघरी

चतुर्थीच्या सकाळी घसा खवखवत होता. संध्याकाळी आरतीला निघालो तेव्हा सुनंदेने, माझ्या बायकोने, कपाळाला हात लावून पाहिला.

“आयज तुमी घरा रावात. आंग ऊन लागता.”

धुळीने असे होते, असे मी तिला सांगितले. तीन दिवस पाऊस कोसळत होता. खाणीच्या खड्ड्यात पाणी भरले होते, ट्रक महिन्याभरापासून उभे होते, रस्त्यावर चिखल होता. हे सगळे मला दिसत होते. तरी तोंडातून तेच कारण आले, आणि तिलाही ते पटल्यासारखे झाले, कारण आमच्याकडे ते सगळ्यांना पटते.

आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, आरतीची मंडळी एकही घर सोडत नाही. घर सोडणे म्हणजे अपमान. जमिनीच्या कज्ज्यानंतरही माणसे एकमेकांशी पुन्हा बोलू लागतात, पण आरती सुटलेले घर लक्षात राहते. तेव्हा पंधरा-वीस माणसे प्रत्येक घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत, खांद्याला खांदा लावून, तोंडे उघडून गातात. पावसामुळे दारे लोटलेली. वर माटोळीला, देवावरच्या लाकडी चौकटीला, टांगलेली फळे, खाली आम्ही. आरती संपली की नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, एकच ताट फिरते.

मी दादाच्या डाव्या बाजूला उभा होतो, दरवर्षीसारखा. तिसऱ्या घरात मला उबळ आली. दादाने घुमट न थांबवता भुवया उंचावल्या. मी ओठांनीच म्हटले, धुल्ल. त्याने मान हलवली आणि आरती संपल्यावर खिशातल्या डबीतली खडीसाखर माझ्या तळहातावर ठेवली. मग माझ्या तळहाताला लागलेले बोट चाटून डबी बंद केली.

दोन दिवसांत आम्ही वाड्यावरची सगळी घरे केली.

वैद्यकीय सल्ला

तिसऱ्या दिवशी मी उठू शकलो नाही. ताप मी आयुष्यात पुष्कळ पाहिले. हा वेगळा होता. डोळे फिरवले तरी दुखत. पाठीत कोणी पहार घालून हाडे सुटी करत असल्यासारखे वाटे. कुशीवर वळायचे ठरवायला पाच मिनिटे लागत आणि वळल्यावर पश्चात्ताप होई.

त्या संध्याकाळी वयनी, दादाची बायको, दारात आली. दादाही खोकत होता, अंग तापले होते. त्याने विचारायला पाठवले होते की दोतोराकडे जाऊ का, मास्तराला काय वाटते.

हे वाक्य मी पुष्कळदा आठवतो. माणूस सव्वीस वर्षे जड गाडी घाटातून चालवतो, दोन मुलींची लग्ने करतो, गावाची भांडणे मिटवतो आणि स्वतःच्या छातीविषयी धाकट्या भावाला विचारतो, कारण धाकटा भाऊ पुस्तके वाचतो.

मी पडल्या पडल्या सांगितले की छातीत धूळ साचली की ताप येतो. कशायाचा काढा घे, वाफ घे, दोन दिवसांत उतरेल. मला तेव्हा एकशे दोन ताप होता. त्यातही मी छान समजावून सांगितले. वयनी समाधानाने गेली.

निदान

पाचव्या दिवशी मी न्हाणीत पडलो. सुनंदेने शेजारच्या शाणूला हाक मारली. शाणू आमच्या आरतीतला झांजवाला. त्याच्या गाडीतून डिचोलीच्या इस्पितळात गेलो. वाटेत तोही खोकत होता. धुल्ल, तो म्हणाला.

डॉक्टरीण तरुण होती, पेडण्याकडची. तिने बोटाला चिमटा लावला, पाठीवर स्टेथोस्कोप फिरवला आणि कधीपासून खोकला आहे ते विचारले. मी तिला व्याख्यान दिले. वाक्यावाक्याला दम लागत होता, पण मी खनिज धूळ, तिचे बारीक कण, आमची पत्रे, खात्याची उत्तरे हे सगळे क्रमाने सांगितले. तिने मध्ये तोडले नाही. संपल्यावर तिने खिडकीकडे पाहिले. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

“सर, पावस केन्नासावन पडटा?”

मी म्हटले, आठवडा झाला.

“मग धुल्ल खंयची?”

एकतीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. उत्तर येत नसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर काय असते ते मला माहीत आहे. त्या दिवशी ते माझ्या चेहऱ्यावर असणार.

कोविडची चाचणी लगेच झाली, कोविड निघाला नाही. घशाचा नमुना पुढे पाठवला आणि उत्तराची वाट न पाहता तिने फ्लूच्या गोळ्या सुरू केल्या. उशीर झाला आहे, पण देऊ, असे म्हणाली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: इन्फ्लुएन्झा. सुनंदेने नातेवाइकांना फोन करून सांगितले की कोविड नव्हे, फ्लू. पलीकडून लोक अभिनंदन करत होते. साधाच फ्लू ना, मग काय. त्या ‘साध्या’ फ्लूने मी बेडवर उठून बसू शकत नव्हतो. हा आजार आमच्याकडे दर पावसाळ्यात येतो, दरवर्षी काही घरांतून काहीतरी घेऊन जातो, आणि आम्ही त्याला पाहुण्याचाही मान देत नाही.

डॉक्टरणीने तोंडाला मास्क बांधायला दिला आणि विचारले, घरात आणखी कोणाला आहे का. तेव्हा कुठे मला दादा आठवला.

फोन

फोन दादानेच उचलला. आवाज पोकळ येत होता. मी सांगितले की ही धूळ नाही, फ्लू आहे, आत्ताच्या आत्ता इस्पितळात ये. तो थोडा थांबला. श्वास घेत होता, पण मला वाटले विचार करतो आहे.

“तूंच सांगलंस धुल्ल म्हणून. आतां तीन दिसांनी बदलली ती?”

मी पुन्हा सांगितले. तो म्हणाला की कशायाने बरे वाटते आहे, उद्या बघू. मग वयनीने फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाली की ते ऐकत नाहीत, मास्तराने सांगितले आहे म्हणतात.

माझा शब्द गावात इतका कधी चालला नव्हता. पंचायतीने माझे एक पत्र असे मानले असते तर धूळ बसवायला रस्त्यावर रोज पाणी पडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे ओठ निळे पडले. शाणूने रुग्णवाहिका बोलावली. डिचोलीला त्याला थांबवलेच नाही. प्राणवायू लावून थेट मोठ्या इस्पितळात नेले. रुग्णवाहिका माझ्या वॉर्डाच्या खिडकीखालून गेली असणार. त्या दिवशी बऱ्याच गेल्या. मी प्रत्येकीचा आवाज ऐकला.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस चहाच्या किटलीने सुरू होतो आणि डासांच्या फवाऱ्याने संपतो. मध्ये ताप मोजणे, सलाईन, पेज, गोळ्या. माझ्या शेजारी कारापूरचा एक बागायतदार होता. त्यालाही फ्लू, त्यालाही उशीर. त्याच्या घरी खोकल्याला सुपारीवरच्या फवाऱ्याचे कारण होते. प्रत्येक गावाकडे आपापली धूळ असते, असे दिसते.

भीती मला स्वतःची फारशी वाटली नाही. यात शौर्य नाही. भीतीची जागा दुसऱ्याच गोष्टीने भरली होती. दर दोन तासांनी सुनंदा दादाच्या जावयाला फोन करायची. उत्तर एकच असायचे: तसेच आहे. तसेच आहे म्हणजे कसे आहे, हे विचारायचा मला धीर नव्हता.

वयनी सुनंदेशी बोलेनाशी झाली होती. चाळीस वर्षे दोघींनी एका विहिरीवर पाणी भरले होते. सुनंदा माझ्यावर चिडली नाही, रडलीही नाही. कांद्याच्या फोडीसह पेज पुढे ठेवून ती एवढेच म्हणाली, “आतां बरयात आनी एक पत्र.” मी पत्र लिहिले नाही, पेज प्यालो. आजारात मिळालेली ती सर्वांत योग्य शिक्षा होती, आणि पेज गरम होती.

चौथ्या दिवशी फोन आला. जावयाने सांगितले की दादाला बोलता येत नाही, मास्क आहे, पण ऐकू येते, बोला. मी बराच वेळ काहीबाही बोललो. पाऊस, भात, त्याच्या गाईचे दूध. माफी मागायची होती, ती आली नाही. पलीकडून फक्त खडखड ऐकू येत होती. टक, टकटक, टक. लाइन खराब आहे असे समजून मी फोन ठेवला.

पुढे कळले की ती लाइन नव्हती. खाटेच्या लोखंडी कठड्यावर दादा बोटांनी घुमटाचा ताल धरत होता. मी फोन ठेवला तेव्हा तो डोळे मिटून पडला, जावई म्हणाला.

नंतर

आठ दिवसांनी मी घरी आलो. दादाला पाच आठवडे लागले. तो आला तेव्हा त्याचा शर्ट दुसऱ्या माणसाचा वाटत होता. पाववाल्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकून गेटपर्यंत पाव आणायला जायचा आणि परतताना दोनदा थांबायचा.

मी महिनाभर त्याच्याकडे जाण्याचे टाळले. इतिहासाच्या मास्तराला सबबी पुष्कळ सुचतात. शेवटी गेलो. तो बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीवर, बसला होता. वयनीने पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला, माझ्याकडे न बघता. मी सगळे ठरवून आलो होतो. माझी चूक झाली, एवढेच बाहेर आले.

दादाने माझ्याकडे पाहिले. ताल चुकल्यावर बघायचा तसे.

“चूक तुजी न्हय रे. तुजें आयकलें, ती म्हजी.”

आणि त्याने विचारले, पाव खाणार का.

धुळीचे काय, असे लोक विचारतात. पुढच्या ग्रामसभेत खाणीच्या बाजूने बोलणाऱ्या एका गृहस्थांनी भर सभेत सांगितले की मास्तरांची खोकलीसुद्धा धुळीची नव्हती, स्वतः मास्तरांनाच विचारा. मला उभे राहावे लागले. मी डॉक्टरणीने मला सांगितले तेच सांगितले: खोकली फ्लूची होती, पण दादाची छाती धुळीने आधी पोखरली नसती तर तो फ्लू तिथे इतका आत शिरला नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सभेला एका वेळी एकच खरी गोष्ट लागते, म्हणून विषय पुढे ढकलला गेला. पत्रे मी अजून लिहितो. फक्त खोकल्याचा पुरावा म्हणून वापर करत नाही.

वाचणाऱ्याच्या घरात छाती अधू असलेला, साखरेचा आजार असलेला, म्हातारा किंवा गरोदर माणूस असेल तर त्याला ताप-खोकला आल्यावर माझ्यासारख्या पुस्तके वाचलेल्या माणसाचा सल्ला घेऊ नये. दोन दिवसांत दवाखान्यात जावे. आम्ही दोघे भाऊ आता पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस टोचून घेतो. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे डॉक्टरणीने आधीच सांगितले आहे. आणि ज्याला ताप आहे त्याने घरात बसावे, मग बाहेर देव का येईना.

हे शेवटचे मी यंदाच्या चतुर्थीत शिकलो, म्हणजे करून पाहिले.

यंदा

पूजेच्या सकाळी घसा खवखवला. दुपारी ताप. साधी सर्दी असेल, नसेलही. मी सुनंदेला सांगितले की गणपती माटोळीखाली, मी मागच्या खोलीत; दार लावून घे. तिने लगेच लावले. कडी घातल्याचा आवाजही आला.

संध्याकाळी मंडळी आली. घरातला कर्ता पुरुष आरतीला नाही, असे आमच्या घरी कधी झाले नव्हते. कुजबुज दारातून ऐकू येत होती. मग शाणूचा आवाज:

“मास्तर खंय गेलो? मातशी खोकली जाल्यार कितें जाता. धुल्ल मरे ती.”

कोणीतरी हसले. मी दारापर्यंत गेलोही. तेवढ्यात दादा बोलला. दोन शब्दांमध्ये श्वास घेत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे.

“धुल्ल न्हय ती. ताप आसा ताका. भितर रावूं दी.”

आरती सुरू झाली. दादा आता गात नाही, गाण्याइतका श्वास त्याला परत मिळाला नाही. खुर्चीवर बसून घुमट वाजवतो. दाराआडून ऐकताना दोन आवाज कमी असल्याचे कळत होते, त्याचा आणि माझा.

मंडळी पुढच्या घराकडे गेली. पाऊस होता. थोड्या वेळाने मागच्या जनेलावर, खिडकीवर, आवाज झाला. टक, टकटक, टक. यावेळी मला ती लाइन वाटली नाही. मी काचेजवळ गेलो. बाहेर दादा छत्री घेऊन उभा होता, एका बोटाने जनेलाच्या चौकटीवर ताल धरून. मीही आतून काचेवर बोटांनी ताल दिला. दोन आवर्तने बरोबर गेली. तिसऱ्याला मला उबळ आली आणि मी खोकलो.

काच बंद होती. तरीही दादा दोन पावले मागे सरला.

मला बरे वाटले.